दीड श्रेयांक

उमिओत, संगणकशास्त्र विभागाच्या तिसऱ्या मजल्यावर,
हातोडी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात असते.
डॉक्टरेट हवी असेल त्याने ती मागायला यायचं,
प्रबंधाच्या कोपऱ्याला भोक पाडून आणायचं,
आणि जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी
बाहेरच्या लाकडी फळीवर तो खिळ्याने ठोकायचा.
वाटेल त्याने वाचावा,
वाटेल त्याने चूक काढावी.

हातोडी देण्याआधी मी यादी बघते.
सत्तावीस वर्षं बघते आहे.
श्रेयांक दोनशे चाळीस:
एकशे ऐंशी प्रबंधाचे, साठ अभ्यासक्रमांचे.
छापून आलेले लेख; किती वेळा परत आले
ते मी विचारत नाही.
पहिल्या वर्षाच्या पोरांना पॉइंटर शिकवल्याचे तास,
त्यातही रडलेल्या पोरांचे वेगळे धरत नाही.
मार्गदर्शकाची सही. दुसऱ्या मार्गदर्शकाची सही,
तो कुठल्या खंडात आहे ते शोधून.

आउने निस्काची बेरीज आली दोनशे साडेअडतीस.
मी चष्मा पुसला.
दोनशे साडेअडतीस.

पाच वर्षं तिने एकाच गोष्टीवर काढली:
यंत्रं एकमेकांशी बोलताहेत,
त्यातली काही खोटं बोलताहेत,
तरी सगळी प्रामाणिक यंत्रं
एकाच उत्तरावर यावीत कशी.
आणि माशी शिंकली ती दीड श्रेयांकापाशी.
सिक्स्टेन ग्रान तोंडी परीक्षा घेणार होते,
त्याआधीच निवृत्त झाले,
रकाना उघडाच राहिला.
विभागप्रमुख म्हणाले, त्यांची सही आणा, चालेल.
शाईची, म्हणाले.

मार्चचा पहिला आठवडा, उणे अठरा.
ग्रान तळ्याच्या मधोमध,
रेनडिअरच्या कातड्यावर बसलेले,
समोर बर्फात ताटलीएवढं भोक,
हातात वीतभर काठी.
आम्ही चालत गेलो. फॉर्म माझ्या कोटाच्या आत.

त्यांनी वर न बघताच विचारलं,
"तीन यंत्रं. एक खोटारडं. जमेल?"
"नाही," आउने म्हणाली. "चार लागतात."
"इथे तर आपण तिघंच."
तेवढ्यात दोरी हलली, पट्ट्यापट्ट्यांचा मासा वर आला,
बर्फावर दोनदा आपटला.
"हा घे चौथा," ग्रान म्हणाले,
"आता सांग, तिघांत कधीच नाही जमत?"

ती गप्प राहिली. नाकातला श्वास गोठत होता.
मला वाटलं, गेला दीड श्रेयांक पाण्यात.
मग म्हणाली,
"जमतं. प्रत्येकाने आपल्या निरोपावर सही केली,
आणि ती दुसऱ्या कुणाला करताच आली नाही, तर."

ग्रान यांनी मोजा दाताने ओढून काढला.
माझं पेन दोनदा झटकलं, तिसऱ्यांदा श्वासाने ऊब दिली.
शाई गोठली होती.
मग कानामागची पेन्सिल काढून
गुडघ्यावरच सही केली,
मासा भोकात परत सोडला,
आणि आम्ही असल्याचं विसरून गेले.

संध्याकाळी ऑफिसात कुणी नव्हतं.
पेन्सिलीचं काम विभागप्रमुख परत पाठवतात, हे मला ठाऊक.
परत तळ्यावर जायचं, तर आउनेचे तीन आठवडे
दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच सुरू व्हायला हवे होते.
मी दिवा जवळ ओढला.
सिक्स्टेनमधला स, ग्रानची लांब शेपटी,
सगळं सावकाश, निळ्या शाईत गिरवलं.
हात थरथरला नाही, याचंच जरा वाईट वाटलं.

सकाळी ती आली, काखेत प्रबंध.
फॉर्म उचलून खिडकीपाशी नेला,
सहीवरून अंगठा फिरवला.
शाईखालची पेन्सिल कागदात रुतलेली असते,
ती बोटाला कळते.
माझ्याकडे बघितलं.
मी खण उघडला.

पहिला खिळा वाकला.
दुसऱ्यासाठी तिने हात मागे केला,
वळून न बघता.